झोपेत दात खाण्याला जंताचं औषध नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्याच्या पानावर शुगर, बीपी, डेंग्यू, उन्हाळ्यात उष्माघात हे सगळं येतंय आणि यायलाच पाहिजे, पण झोपेत दात खाण्याबद्दल कुठं कोण लिहितच नाही म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका डेंटल लॅबमधे टेक्निशियन आहे. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्याकडं येतंय, त्यात आम्ही डेंटल स्टोन, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लास्टर, ओततो, दातांचं मॉडेल निघतंय आणि त्यावर कॅप, ब्रिज, कवळी जे काय सांगितलं असेल ते बनवून परत पाठवतो. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही, त्याचे दात तेवढे टेबलावर असतात आणि सोबतच्या स्लिपवर वय लिहिलेलं असतंय. वय असतंय चौतीस, छत्तीस, आणि दात बघावं तर साठीच्या माणसाचे, सगळे सपाट. कीड नाही, हिरडी चांगली आहे, पण दाताची उंचीच गेलेली. हे बघून खरंच जीव तुटतो, कारण त्यातले बरेच दात वाचवता आले असते आणि ते पण फार खर्च न करता.

एखादं मॉडेल हातात आलं की मी आधी सुळे बघतो. सुळ्याला टोक पाहिजे. दात खाणाऱ्याच्या सुळ्याचं टोक गेलेलं असतंय, तिथं घासकागद मारल्यासारखा सपाट तुकडा दिसतो. मग वरचं मॉडेल खालच्यावर ठेवायचं आणि खालचा जबडा हळूहळू एका बाजूला सरकवत न्यायचा. जेवताना माणूस जबडा कधी नेणारच नाही इतक्या लांब गेलं की एका जागी वरच्या सुळ्याचा सपाट भाग खालच्या सुळ्याच्या सपाट भागावर बरोब्बर बसतो, मधून कागद जाणार नाही असा. तिथं हात थांबतोच. म्हणजे हा माणूस रात्री त्या जागेवर येतोय आणि तिथंच घासतोय, आणि हे नुसतं खाऊन झालेलं नाही हे दात स्वतः सांगतात. नवीन आलेल्या पोरांना मी हे पहिल्यांदा दाखवतो, कॅप कशी लावायची ते नंतर.

आता यातली मोठी अडचण अशी की ज्याचे दात झिजतात त्याला पत्ताच नसतो. आवाज ऐकू येतो तो शेजारी झोपणाऱ्याला. बायकोला, नवऱ्याला, हॉस्टेलवर असला तर रूममेटला. ते पण दोन-चार दिवस हसतात, हलवून कुशीवर वळवतात आणि मग सवय होऊन जाती. आणि काहीजण घासत नाहीत, नुसते गच्च आवळून धरतात, त्याला तर आवाज पण नसतो, मग घरच्यांना तरी कसं कळणार. जागेपणी मुद्दाम चावून जेवढा जोर लावतो त्याच्यापेक्षा जास्त जोर कधीकधी झोपेत लागू शकतो, कारण दुखायला लागलं की थांबायचं हे भान झोपेत राहत नाही. आणि दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे पण एकदा गेला की गेला. हाड मोडलं तर जुळतंय, कातडी भरून येती, इनॅमलमधे जिवंत पेशीच नसतात तर भरून कुठून येणार. ते गेलं की खालचं पिवळसर डेंटिन उघडं पडतं, ते इनॅमलपेक्षा मऊ, म्हणून पुढची झीज आणखी भराभर होती. मग गार पाणी लागलं की सणक जाते, भरलेलं सिमेंट निघून पडतं, दाताला उभी चीर जाते, आणि कधीतरी शेंगदाणा किंवा कडक भाकरीचा तुकडा चावताना दाताचा कोपराच हातात येतो. लोक म्हणतात भाकरीनं दात मोडला. आपली कडक भाकरी कडक आहे हे खरं, पण पिढ्यानपिढ्या लोक ती खातातच की, दात आधीच तडकलेला असतो.

सकाळची लक्षणं कुणीच दाताला जोडत नाही. उठल्यावर दोन्ही कानशिलं दुखतात, जबडा जड वाटतो, जांभई देताना कानापुढं कटकन वाजतं, जिभेच्या कडेला दातांचे ठसे असतात, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी रेघ असती. मग माणूस चष्म्याचा नंबर तपासतो, कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरकडं जातो, सायनस म्हणून वाफ घेतो, बाम चोळतो, आणि दातांच्या डॉक्टरकडं सगळ्यात शेवटी जातो. यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे दात खाताच असं काही नाही, पण दोन-तीन एकदम असतील तर घरच्यांना विचारा तरी, रात्री माझ्या दातांचा आवाज येतो का म्हणून.

जंताचं मला जरा स्पष्टच लिहायचंय. आपल्याकडं पोरगं झोपेत दात खायला लागलं की आजी म्हणती जंत झालेत आणि लगेच औषध. शाळेतून, अंगणवाडीतून दरवर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती जरूर द्यावी, जंत हा खरा त्रास आहे आणि पोरांचं रक्त कमी होतंय त्यानं. पण ती दात खाण्याचं औषध नाही. जंतामुळंच पोरं दात खातात असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. लहान मुलांमधे दात खाणं खूप दिसतं आणि बऱ्याच जणांचं मोठं होता होता आपोआप कमी होतंय, दुधाचे दात थोडे झिजले तरी ते पडणारच असतात, म्हणून घाबरायचं काही नाही आणि जबडा वाढत असतो त्यामुळं मुलांना सहसा गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कव्हर, पण देत नाहीत. बघायचं दुसरंच असतंय. पोरगं तोंड उघडं ठेवून झोपतंय का, घोरतंय का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतोय का, दिवसा पेंगतंय किंवा उगीच चिडचिड करतंय का. टॉन्सिल वाढलेले असले, नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असल्या तर असं होतंय आणि त्याला डॉक्टर लागतो. शाळेत आरोग्य तपासणीला पथकं येतात, त्यांनी दात बघताना आईबापाला एवढं एक विचारलं, पोरगं घोरतंय का, तरी बरंच हाती लागेल.

मोठ्या माणसांत कारणं बरीच असतात आणि एकात एक गुंतलेली असतात. पूर्वी समजायचे की दात वाकडेतिकडे असले, वरखाली असले की माणूस दात खातो, आता तसं मानत नाहीत, मूळ जागा मेंदूत आणि झोपेत आहे असं जाणकार सांगतात. झोपेच्या लॅबमधे माणसाला वायरी लावून बघितलेलं आहे, झोप क्षणभर हलकी होती, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच्या पाठोपाठ जबड्याचे स्नायू आवळतात. म्हणजे झोप जेवढी तुटक तेवढी दात आवळायला जागा जास्त. आता आपल्या गावाकडं बघा. पाणी रोज येत नाही, चार-चार पाच-पाच दिवसांनी येतंय आणि येतंय ते कधी रात्री बाराला, कधी पहाटे तीनला, घरातल्या एकाला मोटार लावायला उठावंच लागतं आणि बाकीचे अर्धे जागे असतात. कारखान्यात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला झोपतो, तेव्हा शेजारचे लूम, म्हणजे यंत्रमाग, खटखट चालूच. मे महिन्यात 43-44 डिग्रीत पत्र्याच्या घरात झोप म्हणजे नुसती तळमळ. सोलापूरकर जास्त दात खातात असं मी म्हणत नाही, तसा आकडा माझ्याकडं नाही, पण ज्याला ही खोड आहे त्याला अशी झोप मारकच आहे. त्यात रात्री नऊला चहा, झोपताना विडी-सिगारेट किंवा तोंडात मावा, कुणाला दारूशिवाय झोप नाही. दारूनं झोप लागल्यासारखी वाटती पण मधून मधून तुटते. निकोटीन तर उत्तेजकच आहे. हप्ते, पोरांच्या फिया, लग्नाचं कर्ज, हे टेन्शन तर सगळ्यांनाच. आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण काहींना हा त्रास सुरू होतो किंवा वाढतो, तसं वाटलं तर ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरशी बोलायचं, गोळी आपल्या मनानं अजिबात बंद करायची नाही.

जो घोरतो, ज्याचा झोपेत श्वास अडकतो आणि मग दचकून उठतो, त्यानं दाताआधी झोपेची तपासणी करून घ्यावी. तो आजार वेगळा आहे, हृदयावर आणि बीपीवर जातो, आणि अशा माणसाला नुसता गार्ड देऊन भागत नाही, काही जणांत तर त्यानं श्वासाचा त्रास वाढू पण शकतो.

दिवसाचं पण सांगायचंय, आणि इथं मला विडी वळणाऱ्या बायका डोळ्यासमोर येतात. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात विड्या वळतात, शहराजवळच्या कुंभारीच्या घरकुलात वळतात, मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्यांमागं मजुरी. आमच्या गल्लीत एक अक्का आहेत, त्यांच्यापाशी बसून बोलत असलो की मला सवयीनं जबडाच दिसतो. पान गुंडाळलं, दोरा घेतला आणि आवळला की कानाखालचा स्नायू टरारून वर येतो, दोरा तुटला की खाली बसतो, परत पुढची विडी परत तेच. दिवसभर हे. त्या म्हणायच्या संध्याकाळी कपाळ आवळून येतं, मानेचं असंल. मान तर आहेच, तासनतास खाली घातलेली, पण दात पण आहेत. खरं तर जेवताना, गिळताना मिळून दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना जेमतेम वीसेक मिनिटं लागतात असं सांगतात, बाकी वेळ त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट पाहिजे. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागं टाळूला हलकी टेकलेली, 'न' हे अक्षर म्हणताना टेकती तिथं. मी अक्कांना सुपाच्या काठाला एक लाल दोरा बांधायला सांगितला, त्याच्यावर नजर गेली की जबडा सोडायचा आणि खांदे खाली टाकायचे. डोकं अगदी राहिलं असं नाही, पण संध्याकाळचं आवळणं बरंच कमी झालं म्हणतात. लूमवर, शिलाई मशीनवर, कॉम्प्युटरपुढं, गाडी चालवताना, जिथं काम डोळ्यात तेल घालून करायचं तिथं सगळीकडं हेच होतंय, तिथं एखादी खूण चिकटवून ठेवावी. फुकटातला उपाय आहे. आणि झिजलेल्या दातांना मिश्री लावू नका हो. तंबाखू भाजून केलेली ती खरखरीत पूड, तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच, पण जिथं इनॅमल आधीच पातळ झालंय तिथं ती रोज बोटानं घासायची म्हणजे उरलंसुरलं पण घालवायचं.

आता गार्डबद्दल, हे आमच्या हातचं काम. नाइट गार्ड म्हणजे दातांवर बसणारं एक पारदर्शक कव्हर, बहुतेक वेळा वरच्या दातांवर, रात्री घालून झोपायचं. गार्डनं दात खाणं बंद होईलच असं नाही, तसं कोण सांगत असेल तर ऐकू नका. पण जे घासायचं ते प्लॅस्टिकला घासलं जातं, दाताला नाही, आणि जोर एका दातावर न येता सगळ्यांवर वाटला जातो. दोन प्रकार जास्त चालतात. मऊ गार्ड, शीट गरम करून व्हॅक्यूम मशीनवर मॉडेलवर ओढून करतात, लवकर होतो, स्वस्त असतो, सुरुवातीला घालायला बरा वाटतो. पण जोरात दात खाणारा माणूस मऊ गार्ड काही महिन्यांत चावून भोक पाडतो आणि काहींना तर मऊ असल्यामुळं उलट चघळायची सवय लागते. कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड करायला वेळ लागतो, दोन्ही जबड्यांची मापं लागतात, चावा कसा बसतो त्याची नोंद लागते, मग डॉक्टर तोंडात बसवून रंगीत कागद चावायला लावून जिथं जास्त लागतंय तिथं घासून सगळीकडं सारखा करतात. हे शेवटचं बसवणंच खरं महत्त्वाचं, लॅबमधून आला आणि तसाच हातात दिला तर उपयोग नाही.

आमच्याकडं जुने गार्ड दुरुस्तीला येतात. उजेडात धरला की सगळी रात्र त्याच्यात लिहिलेली दिसते, सुळ्यानं पाडलेली चर, दाढेखाली झालेला खड्डा, एक बाजू जास्त झिजलेली. एकदा तर असा आला की सुळ्याच्या जागी झिजून आरपार भोक पडलेलं, बाकी गार्ड चांगला होता. तेवढं सगळं त्या माणसाच्या दातावरून गेलं असतं. तो गार्ड मी नव्या पोरांना दाखवायला ठेवून घेतलाय, डॉक्टरांना विचारून.

ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड बरेच लोक घेतात. थोडे दिवस नड म्हणून ठीक, पण ते जाड असतात, सैल बसतात, आणि जे नुसते पुढच्या चार-सहा दातांवर बसतात ते महिनोन्महिने आपल्या मनानं वापरले तर मागचे दात हलून चावा बिघडू शकतो, मग ते सरळ करायला वेगळा खर्च. गार्ड गार पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा, साधा साबण चालतो, टूथपेस्टनं चरे पडतात, गरम पाण्यात टाकायचा नाही. आणि आपल्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका, वाकडा झाला की परत बसत नाही.

सगळी झीज दात खाण्याचीच असते असं पण नाही. ज्याला रात्री पित्त वर येतंय, आंबट पाणी घशाशी येतंय, त्याच्या दातांवर ते अ‍ॅसिड बसतं, इनॅमल मऊ होतं आणि त्यावर घासलं की झीज दुप्पट वेगानं झाल्यासारखी दिसती. अशा माणसानं जेवल्या जेवल्या आडवं होऊ नये, उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, नुसत्या पाण्यानं चूळ भरून अर्धा तास थांबावं, आणि पित्ताचा इलाज करावा. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्यानं जोर कमी होतो पण काही महिन्यांत उतरतं आणि खर्च परत. दात खाणं थांबावं म्हणून चांगले दात घासून कमी करायचं कोण सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, घासलेला दात परत येत नाही.

एक केस सांगतो, दवाखान्याचं नाव नको. पुढच्या दोन दातांच्या सिरॅमिक कॅप आमच्याकडून गेल्या, काही महिन्यांत एकीचा कपचा उडून परत आली, आम्ही नवीन करून दिली, ती पण उडाली. पेशंट म्हणायला लागला लॅब खराब, डॉक्टर म्हणाले काहीतरी कडक खाल्लं असंल. मी खालच्या दातांचं माप मागवलं आणि मॉडेल सरकवून बघितलं तर खालचे पुढचे दात बरोब्बर त्या कपच्याच्या जागी येऊन थांबत होते. मग गार्ड झाला, कॅप तिसऱ्यांदा झाली, ती अजून आहे. पेशंटचे पैसे गेले, रजा गेल्या, आणि सगळं एका प्रश्नावर टळलं असतं. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला, तर हे आणखी जपावं लागतं, नैसर्गिक दाताभोवती एक पातळ लवचीक पडदा असतो तो दाब झेलतो, इम्प्लांट सरळ हाडात बसलेला असतो, त्याला तो पडदा नाही. एवढे पैसे घालून इम्प्लांट करायचा आणि रात्री गार्ड नाही, हे मला पटत नाही.

म्हणून सगळ्या डेंटिस्टना माझी हात जोडून विनंती आहे, कॅप, ब्रिज, इम्प्लांट काहीही करायच्या आधी पेशंटला आणि सोबत आलेल्या माणसाला विचारा, झोपेत दात खातात का. सोबतच्याला नक्की विचारा, उत्तर त्याच्याकडं असतंय. सिव्हिलच्या, कामगारांच्या दवाखान्यांच्या, जिथं कुठं दातांची ओपीडी आहे तिथल्या केस पेपरवर ही एक ओळ छापली तर खर्च काहीच नाही. आणि विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्यासाठी जी आरोग्य शिबिरं होतात त्यात शुगर-बीपी बघतातच, जबड्याच्या स्नायूवर दोन बोटं ठेवून दात आवळायला सांगायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं करा. कामगाराला रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च झेपत नाही, मग तो दात काढूनच टाकतो, आणि त्या खर्चापुढं गार्डचा खर्च कितीतरी कमी आहे. ज्या संस्था चष्मे वाटतात त्यांनी गार्डचा पण विचार करावा, माप नीट घेतलेलं असलं तर आम्ही लॅबवाले मजुरीत सांभाळून घेऊ, मी तरी घेईन.

आपल्या पेपरात एखाद्या दंतवैद्याकडून आणि एखाद्या झोपेच्या डॉक्टरकडून यावर लिहून घ्यावं ही विनंती, शक्य झालं तर झिजलेल्या सुळ्याचा आणि चांगल्या सुळ्याचा फोटो शेजारी शेजारी छापावा. मॉडेलचे फोटो मी पाठवू शकतो, त्यात कुणाचं नाव-गाव दिसत नाही.

कळावे,
आपला नम्र वाचक,
एक डेंटल टेक्निशियन, सोलापूर